पेरणीआधी तपासा ट्रॅक्टरची बॅटरी

चिखली, मेहकर भागात पुरेशी ओल झाली, की सोयाबीनची पेरणी मोजक्या दिवसांत उरकावी लागते. उन्हाळ्यात उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देते. उष्णतेमुळे ती लवकर उतरते, त्यातील पाणीही घटते. त्यामुळे मे महिन्यातच तपासणी करावी.

दोष कसा ओळखावा?
- रात्रभर बंद ट्रॅक्टरला सकाळी मल्टिमीटर लावावा. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. कमी असल्यास आधी चार्ज करावी.
- पूर्ण चार्ज असूनही सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेल्यास बॅटरी कमजोर समजावी.
- व्होल्टेज ठीक, पण सेल्फ फिरत नसल्यास टर्मिनल व अर्थिंगची वायर साफ करून घट्ट बसवावी.
- इंजिन सुरू असताना व्होल्टेज १३.५ च्या वर जात नसल्यास बेल्ट, अल्टरनेटर तपासावा. नुसती बॅटरी बदलून उपयोग होत नाही.

नवी घेताना
- ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या क्षमतेचीच (एएच) घ्यावी. उत्पादनाची तारीख पाहावी.
- इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी लावू नये. तिच्या जाड प्लेटा सेल्फला एकदम लागणारा मोठा करंट देण्यासाठी नसतात.

पाणी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकावे, ॲसिड नाही. वायर काढताना निगेटिव्ह आधी काढावी.