भेस्तानच्या तव्यावर सुदानची भाकरी

आफ्रिकी पद्धतीची मऊ भाकरी घरी करायची म्हटले की बहुतेक पाककृती मैदा, यीस्ट आणि ओव्हनपासून सुरू होतात. इथिओपियाच्या इंजेऱ्याला आणि सुदानच्या किस्र्याला यांतले काहीच लागत नाही. इंजेरा प्रामुख्याने टेफ नावाच्या बारीक धान्याची होते, पण इथिओपियाच्या सखल, उष्ण भागांत ती ज्वारीचीही करतात. सुदानची किस्रा तर ज्वारीचीच. दोन्हींत पीठ आंबवतात आणि सपाट तापल्या पृष्ठभागावर पातळ पसरतात. म्हणूनच ही भाकरी शिकायला सुरतजवळच्या भेस्तानमधले खानदेशी स्वयंपाकघर शहरातल्या बेकरीपेक्षा अधिक योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. पिठाच्या डब्यात दादर ज्वारी आणि चुलीवर तवा असला की निम्मे काम झालेले असते.

हे धान्यही मुळात तिकडचेच. ज्वारी माणसाने पहिल्यांदा पिकवली ती आजच्या पूर्व सुदानात. तिथल्या कस्सला परिसरात सापडलेल्या, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकातल्या खापरांवर लागवडीच्या ज्वारीचे ठसे आहेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेतून आली, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून. आपण जिला अस्सल देशी म्हणतो ती भाकरी अशी समुद्रापलीकडून आलेल्या धान्यांवर उभी आहे. भेस्तानपुरते बोलायचे तर आफ्रिका आणखी जवळ आहे. मुंबईच्या दिशेने पुढचे स्टेशन सचिन. जंजिऱ्याच्या मूळ आफ्रिकी सिद्दी घराण्यातल्या एका शाखेचे संस्थान तिथे १७९१ पासून विलीनीकरणापर्यंत होते. सुरतेच्या दिशेने पुढचे स्टेशन उधना. तिथून ताप्तीकाठची रेल्वे नंदुरबार, अमळनेरमार्गे जळगावला जाते आणि याच वाटेने खानदेशातली माणसे मागांच्या आणि कापड प्रक्रियेच्या कामासाठी इकडे आली. सुरत स्वतःही ज्वारीचे गाव आहे. हिवाळ्यात इथे हिरव्या ज्वारीचा पोंक, म्हणजे आपला हुरडा, हौसेने खातात आणि नवसारी कृषी विद्यापीठाचे ज्वारी संशोधन केंद्रही सुरतेतच आहे.

आता मुख्य शंका. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, मग भाकरी मऊ आणि लवचिक होणार कशी? गव्हाच्या कणकेतली प्रथिने पाण्यात भिजून मळली की त्यांचे ताणले जाणारे जाळे होते. ज्वारीची प्रथिने तसे जाळे विणत नाहीत. पण मऊपणाचा दुसरा रस्ता आहे आणि तो भाकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. जुन्या पिठाची विरी गेली की ती उकळत्या पाण्याने उकड काढते. गरम पाण्यात ज्वारीतले स्टार्च फुगते, चिकट होते आणि पीठ धरून ठेवते. इथिओपियात नेमके हेच करतात. आंबलेल्या पिठातला थोडा भाग पाण्यात शिजवून खळीसारखा करतात आणि पुन्हा मूळ पिठात मिसळतात. त्याला अब्सित म्हणतात. आंबताना तयार झालेला वायू या चिकट पिठात अडकतो आणि तव्यावर असंख्य छिद्रे उमटतात. कोणी म्हणेल, ही तर आपली आंबोळीच. दिसायला हो. पण आंबोळीचा हलकेपणा बराचसा उडदावर अवलंबून असतो. इथे ते काम शिजवलेले पीठ करते, म्हणून निव्वळ ज्वारीवरही भागते.

कृती साधी आहे, वेळ मात्र मागते. दोन वाट्या पांढऱ्या ज्वारीचे बारीक पीठ अडीच वाट्या पाण्यात कालवून झाकून ठेवावे. विरजण नसेल तर पहिल्या खेपेला दोन-तीन दिवस लागतात. पुढच्या वेळी आधीचे चार चमचे पीठ घातले की काम लवकर होते, सुरतेच्या उन्हाळ्यात तर बऱ्याचदा एका रात्रीत. वर साचलेले पाणी काढून टाकावे. दहावा हिस्सा पीठ तिप्पट पाण्यात ढवळत दाट होईपर्यंत शिजवावे, कोमट झाल्यावर परत मिसळावे आणि बुडबुडे येईपर्यंत थांबावे. मग मीठ घालून बिडाच्या तव्यावर कडेकडून आत ओतत जावे, छिद्रे पडली की झाकण ठेवावे. उलटायचे नाही. कापडावर काढून पूर्ण निवल्यावरच एकावर एक ठेवावे, नाहीतर वाफेने चिकटतात.

गरमागरम भाकरी थापता येत असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. ताटात भाकरी लगेच वाढायची असेल तर याची गरजच नाही. पण मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याच्या डब्यातली भाकरी दुपारपर्यंत कडक होते, कारण थंड होताना स्टार्च पुन्हा आवळते. आंबवलेली, जास्त पाण्याची भाकरी त्या मानाने उशिरा कडक होते. टेफची इंजेरा मऊपणात ज्वारीच्या इंजेऱ्यापेक्षा जास्त टिकते, हे खरे. तरी एका डब्यापुरता हा फरक आड येऊ नये. लालसर, तुरट ज्वारी मात्र टाळावी, तिची भाकरी तुटते. आंबट चवीबद्दल तक्रार येईल. तिचे उत्तर आंबवण्याचा वेळ कमी करणे हे आहे, सोडा घालणे नव्हे. आंबण्यामुळे धान्यातले फायटेट घटते आणि लोह शरीराला अधिक मिळू शकते. ज्वारी खाऊनही अंगात रक्त कमी असलेल्या घरांसाठी हा लाभ मी मऊपणाच्याही वर ठेवीन.

सोबत काय हवे, याचे उत्तरही दोन्हीकडे जवळपास एकच आहे. इथिओपियात शिरो नावाचे भाजल्या कडधान्याच्या पिठाचे दाट कालवण असते. आपल्याकडे पिठले किंवा वांग्याचे भरीत चालेल. फक्त रस्सा पातळ नको, सच्छिद्र भाकरी तो क्षणात शोषून विरघळते.