परक्या शहरातील पहिले दिवस

मुलांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण कधी ना कधी आपले गाव सोडून दुसऱ्या शहरात जातील. कोणी शिक्षणासाठी जाईल, कोणी नोकरीसाठी, तर कोणी लग्न होऊन. गाडीतून उतरल्यावर मनात पहिला प्रश्न येतो, आता जायचे कोठे? जेवायचे कोठे? रात्री पाठ टेकायची कोठे? मी बी.एड.साठी पहिल्यांदा पुण्याला आलो, तेव्हा एस.टी. स्टँडवरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन तासभर नुसता बसून राहिलो होतो. खिशात पैसे होते, पत्ताही होता. ओळखीचे माणूस मात्र नव्हते.

सुमारे सातशे वर्षांपूर्वी एक तरुण असाच घराबाहेर पडला. त्याचे नाव इब्न बतूता. तो मोरोक्को देशातील टँजिअर या बंदराचा. उर्दू पुस्तकात तुम्ही या गावाचे नाव 'तंजा' असे वाचले असेल. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजला जायचे म्हणून एकटाच निघाला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे हिंडतच राहिला. आयुष्यात तो किती शहरांत 'नवा माणूस' म्हणून शिरला असेल, याचा हिशेब करणे कठीण आहे. त्या काळी हॉटेल नव्हते, फोटोचे ओळखपत्र नव्हते, बँक नव्हती. मग परक्या माणसाचे पहिले दिवस कसे जात? त्याच्याच काही अनुभवांवरून आपण हे समजून घेऊ.

पहिला अनुभव ट्यूनिस शहराचा. वाटेत त्याला ताप भरला होता. अंगात इतकी अशक्तता होती, की खाली पडू नये म्हणून त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराशी बांधून घेतले होते. अशा अवस्थेत काफिला ट्यूनिसच्या वेशीजवळ पोहोचला. शहरातील लोक आपापल्या माणसांना भेटायला बाहेर आले. सलाम झाले, गळाभेटी झाल्या, विचारपूस झाली. इब्न बतूताला मात्र कोणीही सलाम केला नाही, कारण त्याला ओळखणारे तेथे कोणी नव्हतेच. त्याला रडू आवरेना. ते पाहून काफिल्यातील एक हाजी त्याच्याजवळ आला. त्याने सलाम केला, गोड बोलून त्याचे मन रमवले आणि शहरात शिरेपर्यंत त्याची सोबत सोडली नाही. पुढे जगभर फिरलेल्या या प्रवाशाने म्हातारपणाकडे झुकताना आपला वृत्तांत सांगितला, तेव्हाही तो हा एक सलाम विसरला नव्हता.

त्या रात्री तो एका मदरशात उतरला. मदरसा म्हणजे केवळ शिकण्याची जागा नव्हे. मोठ्या शहरांत मदरशाला लागून खोल्या असत. विद्यार्थ्याला आणि प्रवासी आलिमाला तेथे राहता येई. हा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. म्हणजे एखाद्या श्रीमंताने दुकाने किंवा बाग मदरशाच्या नावाने कायमची देऊन टाकलेली असे आणि त्यांच्या भाड्यातून येणाऱ्याजाणाऱ्याची सोय होई. इब्न बतूता काझींच्या घराण्यातला होता, थोडा शिकलेला होता. त्यामुळे हे दार त्याला लगेच उघडले. न शिकलेल्या गरीब मजुराला ते इतक्या सहज उघडले नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

व्यापाऱ्याची रीत वेगळी होती. १३३१ च्या सुमारास इब्न बतूता आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोगादिशू या बंदरात जहाजाने आला. हे शहर आज सोमालियाची राजधानी आहे. जहाज दिसताच छोट्या होड्यांतून तेथील तरुण पुढे आले. प्रत्येकाच्या हातात झाकलेले अन्नाचे ताट! प्रत्येक तरुण एकेका व्यापाऱ्यापुढे ताट ठेवून 'हा माझा पाहुणा' असे जाहीर करी. त्या क्षणापासून व्यापारी त्याच्याच घरी उतरायचा. यजमान त्याचा माल विकून देई आणि त्याला हवा तो माल घेऊन देई. यजमानाच्या गैरहजेरीत कोणी त्या पाहुण्याशी सौदा केला, किंवा फार पडत्या भावात त्याचा माल घेतला, तर तो सौदा मानला जात नसे.

ही रीत का पडली असेल, याचा विचार करा. नव्या माणसाला भाव ठाऊक नसतो, मापे ठाऊक नसतात, कोण लबाड आणि कोण प्रामाणिक हेही ठाऊक नसते. शहरालाही तो माणूस कसा आहे हे माहीत नसते. यजमान या दोघांच्या मध्ये उभा राही. तो पाहुण्याचा जामीन आणि दलाल, दोन्ही होता. त्यात त्याचाही फायदा होता. आज खोली भाड्याने घेताना घरमालक विचारतो, "तुमच्या ओळखीचे इथे कोणी आहे का?" प्रश्न तोच आहे, फक्त ताट गेले आणि डिपॉझिट आले.

इब्न बतूता व्यापारी नव्हता, आलिम होता. हे कळताच बंदरावर धावपळ झाली. तेथील काझी आपल्या विद्यार्थ्यांसह किनाऱ्यावर आला. आलिमाने आधी सुलतानाला भेटायचे आणि मगच मुक्काम करायचा, असा त्या शहराचा दस्तूर होता. पाहुण्यांच्या घरी तुपातला भात आला. त्यासोबत कोंबडी, मांस, मासे आणि भाज्या. दुधात शिजवलेली कच्ची केळी होती. लोणच्याचे लिंबू, ओले आले, आंबे आणि खारवलेली मिरीही होती. मिरी म्हटले आहे, मिरची नव्हे. मिरची अमेरिकेतून आली आणि ती इकडे पोहोचायला अजून दीडशेहून अधिक वर्षे बाकी होती. चौथा दिवस शुक्रवारचा होता. नमाजला जाण्यासाठी त्याला तेथील रिवाजाचे कपडे पाठवण्यात आले. त्यात पायजमा नव्हता, कमरेला गुंडाळायचे रेशमी वस्त्र होते. पायजमा तेथे कोणी घालतच नसे! परक्या शहराने आपल्याला आपला पोशाख द्यावा आणि आपण तो मुकाट्याने अंगावर चढवावा, यातच अर्धी ओळख होऊन जाते.

भाषा येत नसली तर काय होते, याचा एक मजेदार प्रसंग आहे. आजच्या तुर्कस्तानात देनिझली नावाचे शहर आहे. त्याला तेव्हा लादिक म्हणत. इब्न बतूता आणि त्याचे सोबती तेथील बाजारातून जात होते. अचानक काही माणसे दुकानांतून खाली उतरली आणि त्यांनी घोड्यांचे लगाम धरले. तेवढ्यात दुसरी टोळी आली. दोन्ही टोळ्यांत भांडण जुंपले, सुरेही निघाले. प्रवाशांना वाटले, हे लुटारू आहेत, आता आपली धडगत नाही. तुर्की भाषा तर कोणालाच येत नव्हती. अखेर अरबी जाणणारा एक हाजी भेटला आणि त्याने उलगडा केला. ही माणसे 'अखी' होती. अखी म्हणजे कारागीर तरुणांची मंडळी. हे तरुण दिवसभर कष्ट करीत, संध्याकाळी आपली कमाई एकत्र करीत आणि शहरात आलेल्या मुसाफिराला आपल्या मठात जेवू घालीत. भांडण एवढ्याचसाठी होते, की पाहुणे आधी कोणाकडे उतरणार! शेवटी चिठ्ठ्या टाकून निकाल लावला गेला. मग पाहुण्यांना प्रथम हमामात नेऊन आंघोळ घातली आणि नंतर जेवायला बसवले.

आता दिल्लीकडे वळू. इब्न बतूताच्या सांगण्यानुसार तो सप्टेंबर १३३३ मध्ये सिंधू नदीवर पोहोचला. तेथून दिल्ली ५० दिवसांच्या वाटेवर, पण डाक पाच दिवसांत जाई. घुंगरू लावलेली काठी हातात घेऊन डाकवाले टप्प्याटप्प्याने धावत. परका माणूस हद्दीत आला, की त्याचे रूप, त्याचा पोशाख, सोबतची माणसे व जनावरे, त्याचे वागणे, असे सारे लिहून सुलतानाकडे पाठवले जाई. हेच त्या काळचे ओळखपत्र!

मुलतानजवळ नदी ओलांडताना सामानाची झडती होई. व्यापाऱ्यांच्या मालाचा चौथा हिस्सा घेतला जाई आणि प्रत्येक घोड्यामागे सात दीनार. मराठीत अशा कराला 'जकात' म्हणतात. आपण उर्दूत जकात म्हणतो ती दानाची, ही नाक्यावरची. दोन्ही शब्द एकच, पण अर्थ निराळे. इब्न बतूताला झडतीची फार धास्ती होती, कारण त्याचे सामान दिसायला भरपूर होते, पण आत मोलाचे फारसे काही नव्हते. लाज जायची वेळ आली होती. सुदैवाने मुलतानच्या सुभेदाराचा अधिकारी आला आणि झडती टळली. मुलतानमध्ये त्याला काझीसमोर लिहून द्यावे लागले, की मी या देशात राहण्यासाठी आलो आहे. त्याशिवाय पुढे जाता येत नसे.

दिल्लीचा सुलतान मुहंमद बिन तुघलक परदेशी माणसांना मोठ्या जागा देई. अरबीत परक्या माणसाला 'गरीब' म्हणतात. उर्दूतील 'गरीबुल-वतन' तुम्हांला माहीत आहेच. मराठीत मात्र गरीब म्हणजे केवळ निर्धन. सुलतानाने हुकूम काढला होता, की परदेशी माणसाला 'गरीब' म्हणू नये, 'अजीज' म्हणावे. असा हुकूम काढणारा हाच सुलतान अत्यंत कठोर शिक्षाही देत असे.

१३३४ मध्ये इब्न बतूता दिल्लीत शिरला, तेव्हा एवढे विशाल शहर त्याला ओकेओके दिसले. काही वर्षांपूर्वी, १३२७ च्या सुमारास, सुलतानाने आपल्या मराठवाड्यातील देवगिरीला दौलताबाद असे नाव देऊन तेथे राजधानी हलवली होती आणि दिल्लीच्या कित्येक लोकांना तिकडे जावे लागले होते. सुलतान स्वतः तेव्हा दिल्लीबाहेर होता. तरी पाहुण्यासाठी घर तयार होते. सतरंज्या, भांडी, अंथरूण, सारे काही. त्या रात्री दोन माणसे दारात आली, एक पीठवाला आणि एक कसाई. रोज यांच्याकडून ठरलेले पीठ आणि मांस घ्यायचे. दुसऱ्या दिवशी वजिराने एक-एक हजार दीनारांच्या दोन थैल्या दिल्या. या रकमेला 'सरशुस्ती' म्हणत. अर्थ तुम्हीच लावा, डोके धुण्याचा खर्च!

त्याला सर्वांत नवल वाटले ते खाटेचे. चार पाय, चार लाकडे आणि मध्ये विणलेल्या दोऱ्या. आपल्याकडे हिला बाज म्हणतात. एकच माणूस ती उचलून नेऊ शकतो आणि तिच्यावर पडले, की ती आपोआप लवते. गादीवर पांढरी खोळ घालायची, ती मळली की तेवढीच धुवायची, म्हणजे गादी स्वच्छ राहते, हेही त्याने टिपून ठेवले. उशीच्या खोळीला मराठीत 'अभ्रा' म्हणतात. हा शब्द फारसीतूनच आलेला आहे.

इतका पाहुणचार होऊनही दिल्लीतले पहिले दिवस सुखाचे गेले नाहीत. येऊन दीड महिना झाला आणि त्याची लहान मुलगी वारली. ती एक वर्षाचीही नव्हती. ज्या शहरात त्याचे नातेवाईक नव्हते, जेथील बोली त्याला समजत नव्हती, तेथे त्याला आपली मुलगी पुरावी लागली. वजिराने दफनाची व्यवस्था केली. तिसऱ्या दिवशी कबरीभोवती गालिचे अंथरले गेले, फुले वाहिली गेली. फांद्यांना फळे नसली तर ती दोऱ्याने बांधून लावत. लोकांनी कुराण पठण केले. गुलाबपाणी शिंपडले गेले आणि विडे वाटले गेले. विडा मिळाला म्हणजे आता उठायचे, हा रिवाज इब्न बतूता त्या दिवशी शिकला. सुलतानाच्या आईने मुलीच्या आईला बोलावून तिचे सांत्वन केले.

पुढे सुलतान परतला आणि त्याने इब्न बतूताला काझी नेमले. पगार वर्षाला बारा हजार दीनार. इब्न बतूताने स्पष्ट सांगितले, की मला येथील भाषा येत नाही आणि येथील लोक हनफी, मी मालिकी. तेव्हा सुलतानाने मदतीला दोन नायब दिले. तरीही तो कर्जात बुडाला. कारण सुलतानाला मोठी भेट द्यायची आणि त्याबदल्यात त्याहून मोठी भेट मिळवायची, अशी तेथील चाल होती. त्यासाठी व्यापारी नव्या माणसाला हवे तेवढे उधार देत. घोडे, उंट, इतकेच नव्हे तर त्या काळी विकली जाणारी गुलाम माणसेही भेट म्हणून उधारीवर घेतली जात. भेट मिळायला उशीर झाला, की व्यापारी दारात उभे! त्याचे कर्ज ५५ हजार दीनारांवर गेले होते, असे तो सांगतो. हे सर्व त्याने घरी परतल्यावर आठवणीने सांगितले आणि १३५५ मध्ये फेज शहरात ते लिहून पूर्ण झाले. त्यामुळे आकड्यांत थोडीफार चूक असणे शक्य आहे. पण कर्जदाराला आपले कर्ज सहसा विसरता येत नाही.

दिल्लीत काही वर्षे काढल्यावर सुलतानाने त्याला आपला वकील म्हणून चीनकडे पाठवले. त्या वाटेवर तो दौलताबादला आला आणि तेथून नंदुरबारला. नंदुरबारमध्ये त्याला मराठे भेटले. ते कारागिरीत हुशार आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, ते भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, असे त्याने सांगून ठेवले आहे. तेथे त्याचा मुक्काम थोडाच होता. पुढे त्याला समुद्रकिनारा गाठायचा होता, आणि तेथे पुन्हा एक नवे शहर होते.