चंद्रताल : तंबू काठावर नाही

हिमाचलच्या स्पितीतलं, हिमनद्यांनी कोरलेल्या खोऱ्यातलं हे तळं सुमारे ४,३०० मीटरवर आहे. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक. २००५पासून ते रामसर यादीत आहे. फोटोंत पूर्वी काठालगत तंबू दिसायचे, आता तिथे मुक्कामाला बंदी. तंबूंची वस्ती दोनेक किलोमीटर अलीकडे. गाडीही तळ्यापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा पायीच. ते बरंच झालं.

खरी परीक्षा विरळ हवेची. मनालीहून (सुमारे २,००० मीटर) सकाळी निघून संध्याकाळी थेट इथे पोचणाऱ्यांचं रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. किन्नौर-काझामार्गे आलात तर वाटेतल्या मुक्कामांत शरीर सरावतं. डोकेदुखी वाढतच गेली, तोल जायला लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं.

इथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तासभर रटरटूनही डाळ दाताखाली कचकचते; कुकर हवाच. मॅगीचं मात्र भागतं.

हंगाम साधारण जून ते सप्टेंबर, तोही बेभरवशाचा. जुलै २०२३मध्ये अचानक बर्फ पडून अडीचशेहून जास्त पर्यटक इथे अडकले होते. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

तळ्याचं पाणी चंद्रा नदीला मिळतं. तांदीला तिला भागा भेटते आणि पुढे ती होते चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. पंढरपूरची वेगळी, पण हे नाव वाचून मराठी माणूस थबकतोच.