इस्तरी फिरवण्याआधी

गोधडी आपल्या घरांना नवी नाही. कुणी तिला गुदडी म्हणते, कुणी वाकळ. जुन्या लुगड्यांचे, लुंग्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले ते पांघरूण आंबेगावच्या पूर्व भागातल्या आमच्या लोणीत थंडीच्या दिवसांत अजूनही ट्रंकेतून बाहेर निघते. तिचीच एक नवी बहीण आता भिंतीवर आली आहे. रंगीत कापडाचे तुकडे पाने, फुले, तारे, जाळी अशा आकारांत कापायचे आणि टाके न घालता इस्तरीच्या उष्णतेने पायाच्या कापडावर चिकटवायचे. वरून हवी तेवढी शिवण घालायची. अमेरिकेत गोधडीला चित्रकलेसारखे मानणाऱ्यांची एक परंपराच आहे. ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी अशा गोधड्यांचे प्रदर्शन 1979 पासून भरते. आम्ही शेजारणी आणि शिक्षिका मिळून सुट्टीत हे काम करतो. कसे करायचे हे हात लवकर शिकतात. काय गोळा करायचे, इथेच खरी अडचण येते.

पहिली अडचण सुताची. आपल्या आज्यांच्या काळी घरातले फाटके कापड म्हणजे सुती कापड, हे न सांगता समजत असे. आज ट्रंक उघडली की निम्म्याहून जास्त कपडे नायलॉन, पॉलिएस्टर, टेरिकॉटचे निघतात. शाळेचा गणवेशसुद्धा मिश्र धाग्याचा. अशा कापडावर गोंद वितळवण्याइतकी गरम इस्तरी ठेवली तर ते आक्रसते, चकाकते, कधी इस्तरीलाच चिकटते. ओळखायचे कसे? कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख मागे ठेवतो. पॉलिएस्टर वितळून आखडते आणि टोकाला कडक मणी उरतो. हे मुलांच्या हाती देऊ नका.

मग सूत कुठे मिळते? अब्बांच्या जुन्या लुंगीत, मलमलीच्या कुडत्यात, नमाजाच्या वापरून विरलेल्या सुती ओढणीत, चादरींच्या न फाटलेल्या कडांत, खिशातल्या रुमालांत. मंचरच्या बाजारात शिंप्याकडे गेलो की आम्ही कातरण मागून घेतो. एका दुकानातले चिंध्यांचे पोते उलटे केले की त्यात दहा घरांच्या ईदचे रंग असतात. नवे कापड मात्र आणल्याबरोबर धुवा. त्यातली खळ गोंदाला धरू देत नाही आणि न धुतलेले कापड पुढे आटले तर चित्राला सुरकुत्या पडतात. धुताना कपडे मऊ करणारे द्रावण घालू नका. मखमल, जाड विणीचे कापड आणि रेनकोटासारखे लेप दिलेले कापड बाजूलाच ठेवा. जरीचेही तसेच, हल्लीची बरीच जर प्लास्टिकची असते.

दुसरी वस्तू गोंदाची. शिंपी कॉलरला जे ‘पेस्टिंग’ लावतात ते एकाच बाजूने चिकटते, त्यामुळे इथे उपयोगी पडत नाही. आपल्याला हवी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ जाळी, जिच्या एका बाजूला कागद असतो. गावात ती मिळत नाही, शहरातल्या शिवणसामानाच्या दुकानातून किंवा मोबाईलवरून मागवावी लागते. हलक्या वजनाची मागवा. जाड जाळीने सुई चिकट होते आणि चित्र पुठ्ठ्यासारखे ताठ बसते. आणली की गुंडाळून सावलीत ठेवा, घडी घालू नका. पत्र्याच्या घरात एप्रिलमध्ये ती ट्रंकेवर पडू देऊ नये, हे आमचे मत. इस्तरीखाली घालायला केक भाजताना वापरतात तो न चिकटणारा कागद घ्या. स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर वेगळा, तो चालणार नाही. कागद कापायची कात्री निराळी आणि कापडाची निराळी, हे घरातल्या सर्वांना बजावून ठेवावे लागते. फायबरची भरण घालणार असाल तर ती चित्र चिकटवून झाल्यावरच घाला, नाहीतर इस्तरीने तीच बसते. जुन्या पातळ ब्लँकेटची भरण सर्वांत बरी.

इथवरचे कुणीही सांगेल. आम्हाला जास्त विचार करायला लावला तो ट्रंकेतल्या एका ओढणीने.

आमच्यातल्या एका भाभींना त्यांच्या मरहूम अम्मींची सुती ओढणी चित्रात घालायची होती. जुन्या गोधडीची एक खुबी आहे: धागा उसवला की कापड जसेच्या तसे हातात परत येते. चिकटवलेले कापड तसे परत मिळत नाही. एकदा इस्तरी फिरली की ते पायाच्या कापडाचे झाले. शिवाय माणूस गेल्यावर मागे राहिलेले कपडेही तरक्यातच मोजले जातात, त्यात सगळ्या वारसांचा हक्क असतो. ओढणी भाभींच्या ट्रंकेत असली तरी एकट्या भाभींची नव्हती. त्यांनी दोन्ही बहिणींना फोन केला. थोरल्या आपांनी ‘कात्री लावू नकोस’ एवढेच सांगून फोन ठेवला. चार दिवस घरात कुणी त्या ओढणीचे नाव काढले नाही.

तोड तंत्रातच निघाली. शिवून जोडायच्या तुकड्याला चारही बाजूंनी पाव इंच दुमडायला सोडावा लागतो, म्हणून तुकडा मोठा लागतो. चिकटवायच्या तुकड्याला दुमड नाही. कापडाच्या मागे गोंद बसल्यावर कडाही सहजी उसवत नाहीत. त्यामुळे अंगठ्याच्या नखाएवढे पानही कापता येते. ओढणीची एक कड चुलीजवळ वावरून विरली होती. तेवढीच दोन बोटे पट्टी घेऊ, बाकी ओढणी अखंड राहील, असे भाभींनी पुन्हा फोन करून सांगितले, तेव्हा आपा स्वतः येऊन कात्रीजवळ बसल्या. त्या पट्टीतून अकरा पाने निघाली.

सीमेपलीकडे उत्तर कन्नडमध्ये, हल्याळ-यल्लापूरच्या भागात सिद्दी बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सगळे आहेत. घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे त्या एका कोपऱ्यापासून कडेकडेने शिवत मध्यावर येतात आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावतात. त्यात गोंद कुठेच नसतो. आम्हीही पांघरायचे असेल ते हातानेच शिवतो. धुण्याचे कापड नुसत्या गोंदावर टिकत नाही, प्रत्येक तुकड्याच्या कडेने शिवण घालावीच लागते. गोंदाचे काम भिंतीसाठी.

तुकडे गोळा करताना प्रत्येकाला चिठ्ठी टाचून ठेवा: कुणाचे कापड, कोणत्या कपड्यातले, कुणाला विचारून घेतले. चित्र झाल्यावर हीच माहिती मागच्या बाजूला कापडी पट्टीवर लिहिता येते. पुढच्या बाजूला मुलींना आपले नाव घालायची हौस असते, तेही जरूर घाला. आयती मात्र कात्रीने कापायच्या कामात आम्ही घेत नाही. नाव घालताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जाळीच्या कागदावर काढलेला आकार कापडावर उलटा येतो. पान किंवा तारा उलटला तर कळत नाही, अक्षर लगेच कळते. म्हणून नाव आधी पातळ कागदावर ठळक लिहा, कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरा आणि मागून दिसणारे अक्षर गिरवा. आमच्या वर्गातल्या मुली दोन्ही लिप्यांत नाव काढतात, तेव्हा त्या काचेवर उर्दू मराठीसारखी डावीकडून धावते आणि मराठी उर्दूसारखी उजवीकडून.