झटका दिसत नाही, तरी आठवण जाते

आपल्या मेंदूतल्या पेशी रसायनांतून एकमेकींशी बोलतात. ग्लुटामेट पेशीला चेतवते, गाबा शांत करते. हा तोल बिघडला की फिट येते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेने अल्झायमरसारखा बिघाड घडवलेले उंदीर तपासले. २००७ साली त्यांच्या मेंदूत फिट आढळली. अंगाला झटका नव्हता. २०१२ साली लेव्हेटिरासिटाम हे फिटचे औषध दिल्यावर मेंदूतल्या त्या विस्कळीत लहरी घटल्या, उंदरांची स्मरणशक्ती सुधारली.

उंदराचे सगळेच माणसाला लागू होत नाही. पण फिट ही बाहेरची बाधा नव्हे, मेंदूतला बिघाड आहे, हे आपण पक्के धरू. मूल मध्येच शून्यात बघत राहते, हाकेला ओ देत नाही, तर मारू नका, डॉक्टरांना दाखवा. चालू गोळी आपल्या मनाने थांबवू नका.