दूध बंद केलं, पण परत घेऊन पाहिलं का?

बाळंतिणीच्या ताटावर आपल्याकडे आधीच बऱ्याच जणांची नजर असते. वांगं नको, कोबी-फ्लॉवर नको, हरभऱ्याची डाळ वातूळ, वाटाणा त्याहून वातूळ, ताक थंड, केळं कफाचं. त्यात बाळाच्या शीत चिकट आव किंवा रक्ताची एखादी रेघ दिसली की दवाखान्यातली यादी येते: दूध बंद, सोया बंद, अंडं बंद, गहू बंद, दाणे बंद. पाठोपाठ मोबाइलवरून मैत्रिणींच्या याद्या. महिनाभरात ही बाई मुगाचं वरण, भात आणि दुधी यांवर येऊन ठेपते. वजन उतरलेलं, झोप नाही, आणि बाळ रडतंय ते रडतंयच.

आईने खाल्लेल्या पदार्थातल्या प्रथिनाचा अंश अंगावरच्या दुधात उतरतो आणि काही बाळांना त्याचा त्रास होतो, हे खरं आहे. पण किती बाळांना? डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात १,७४९ बाळांवर जन्मापासून वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. त्याचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. गायीच्या दुधाच्या अ‍ॅलर्जीची ३९ बाळं सापडली आणि त्यांपैकी निव्वळ अंगावर पिणारी होती फक्त ९, म्हणजे २०० बाळांत एक. जुनी कागदपत्रं चाळल्यावर आणखी एक गोष्ट निघाली: या नऊही बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत रुग्णालयातच वरचं दूध पाजलं गेलं होतं. ‘अजून दूध उतरलं नाही, तोवर वाटी-चमच्याने थोडं वरचं द्या’ असं म्हणणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवायला हवी.

‘तू काहीतरी वातूळ खाल्लंस, म्हणून त्याच्या पोटात दुखतंय’

कोबी किंवा हरभऱ्याने गॅस होतो तो आईच्या मोठ्या आतड्यात. न पचलेले तंतू आणि काही साखरा तिथले जीवाणू आंबवतात. हे तंतू रक्तात शिरत नाहीत, त्यामुळे दुधापर्यंत पोचत नाहीत, आणि आईच्या पोटातल्या गॅसचे बुडबुडे दुधात उतरायला वाटही नाही. सासूबाईंचं निरीक्षण अगदीच निराधार असतं असं मात्र नाही. आईच्या जेवणाने दुधाचा वास आणि चव बदलते. अमेरिकेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली काही आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. साधारण दोन तासांनी दुधाला लसणाचा वास येऊ लागला. बाळांनी तोंड फिरवलं नाही. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगाला लागून राहिली. लसणाची फोडणी बंद करण्याचं कारण त्यात तरी सापडत नाही.

‘एवढं रडतं, म्हणजे आईचं दूध सोसत नाही’

तान्ह्या बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास टोक गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. आईने काय खाल्लं याच्याशी या चढउताराचा संबंध असेलच असं नाही. मॉरिस वेसेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने १९५४ साली ‘कोलिक’साठी तीनाचा हिशोब घालून दिला: दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त. हे रडणं आपोआप थांबणारं असल्यामुळे त्यावरचा जवळजवळ प्रत्येक उपाय कधी ना कधी लागू पडतो. पाचव्या आठवड्यात गुटी बदलली, सातव्यात ग्राइप वॉटर आणलं, नवव्यात आईचं दूध-दही बंद केलं आणि अकराव्यात बाळ शांत झालं. श्रेय अर्थातच शेवटच्या उपायाला.

हा गुंता सोडवण्याचा सरळ मार्ग स्वीडनमधल्या माल्म्यो शहरात दिसला. इरेन याकोब्सन आणि तोर लिंडबर्ग यांनी कोलिक असलेल्या, अंगावर पिणाऱ्या ६६ बाळांच्या आयांना दुग्धजन्य पदार्थ पूर्ण बंद करायला सांगितलं. ३५ बाळांचं रडणं थांबलं. आपल्याकडे गोष्ट इथेच संपली असती: निम्म्याहून जास्त बाळं बरी झाली, उपाय सिद्ध. पण त्यांनी या आयांना पुन्हा दूध घ्यायला लावलं, तेही किमान दोनदा. त्रास परतला तो २३ बाळांना. उरलेली १२ बाळं आईने दूध घेतलं तरी शांतच राहिली. दूध सोडल्याने ती बरी झाली नव्हती. त्यांचे दिवस भरले होते इतकंच. त्या २३ पैकी १६ जोड्यांवर पुढे आणखी कडक चाचणी झाली. आईला कॅप्सूल द्यायची, पण त्यात दुधातलं व्हे प्रथिन आहे की नाही हे आईलाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. दहा बाळं शेवटपर्यंत टिकली आणि त्यांपैकी नऊ बाळं व्हेच्या कॅप्सूलनंतर रडली. हे १९८३ साली प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ दुधामुळे रडणारी बाळं असतात. मात्र परत घेऊन पाहिल्याशिवाय ती १२ कोणती आणि २३ कोणती, हे ना आईला कळतं ना डॉक्टरांना. शिवाय हा झाला एका शहरातला, निवडक बाळांवरचा अनुभव. कोलिकवरच्या आहारबदलांचे सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्याने २०१८ साली पुरावा अपुरा आणि कच्चा असल्याचंच म्हटलं. म्हणून बाळ फक्त रडतंय, वजन नीट वाढतंय, शी ठीक आहे, अंगावर चट्टे नाहीत, तर आईच्या ताटाला हात लावण्याची घाई करू नये, असं मला वाटतं.

‘शीत रक्त, म्हणजे अ‍ॅलर्जी ठरलीच’

इथे शंका जास्त रास्त आहे. एरवी हसतंखेळतं, वजन वाढणारं बाळ, साधारण दोन आठवडे ते सहा महिन्यांचं, आणि शीत चिकट आवेबरोबर रक्ताच्या बारीक रेघा. हे चित्र अन्नप्रथिनामुळे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आलेल्या सुजेचं असू शकतं. कारण बहुतेकदा गायी-म्हशीचं दूध असतं, त्याखालोखाल सोया आणि अंडं. दिसायला भयंकर, पण रक्त जातं ते थोडंसंच. तरीही हे ‘असू शकतं’च. फिनलंडमध्ये अशा ४० बाळांची नीट तपासणी झाली आणि दुधाची अ‍ॅलर्जी ठरली फक्त ७ बाळांत. हा अभ्यास २००६चा. बाकीच्यांचं रक्त आपलं आपण थांबलं. गुदद्वाराची चीर, आईच्या चिरलेल्या स्तनाग्रातून गिळलं गेलेलं रक्त, जंतुसंसर्ग, अशी कारणंही असतात. हिरवी शी तर एकटी काहीच सांगत नाही.

एक मात्र पक्कं. रक्त भरपूर किंवा जेलीसारखं गोळ्यागोळ्यांचं असेल, बाळ हिरवं ओकत असेल, पोट टम्म असेल, ताप असेल, बाळ मलूल पडलं असेल, तर पथ्याचा विचार बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठायचं.

‘लॅक्टोज-फ्री दूध घे, म्हणजे झालं’

हा गैरसमज शिकलेल्या घरांत जास्त. लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि ती आईच्या स्वतःच्या दुधात १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम असते. स्तनातच तयार होते. आईने आयुष्यात दुधाला हात लावला नाही तरी ती तेवढीच राहते. बाळाला त्रास देतं ते प्रथिन, आणि लॅक्टोज-फ्री दुधात ते जसंच्या तसं असतं. महागडं दूध आणून परिणाम शून्य.

गायीचं सोडून म्हशीचं किंवा शेळीचं घेणं हीही तीच गत. या जनावरांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गायीच्या दुधाने बिघडणारी बहुतेक बाळं म्हशीच्या आणि शेळीच्या दुधानेही बिघडतात. देशी गाय आणि जर्सी हा फरकही इथे कामाचा नाही.

‘सुरक्षित म्हणून सगळंच बंद करू’

नेमकं उलट करायचं असतं. शंका ज्याची सर्वांत जास्त, तो एकच पदार्थ काढायचा, आणि तो बहुधा दूधच. काढायचा तर पूर्ण, दोन ते चार आठवडे. आईच्या दुधातून प्रथिनाचा अंश उतरायला काही तास, फार तर काही दिवस लागतात. बाकीचा वेळ बाळाचं आतडं निवळायला जातो. चार आठवड्यांत फरक पडला नाही तर संशय चुकीचा होता असं समजून दूध पुन्हा सुरू. ‘आता सोडलंच आहे तर राहू दे’ म्हणत त्यावर अंडं, मग गहू, मग दाणे अशी चळत रचत जायची नाही.

दूध पूर्ण काढणं आपल्या स्वयंपाकघरात वाटतं तेवढं सोपं नाही. चहा, दही, ताक, कढी, पनीर आणि खव्याची मिठाई लक्षात राहतात. बिस्किटं, केक, काही पाव, चॉकलेट, प्रोटीन पावडर आणि खास बाळंतिणीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पौष्टिक पावडरी निसटतात. पाकिटावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’, ‘केसिनेट’ दिसलं की ते दूधच. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार वेष्टनावर दुधासारख्या अ‍ॅलर्जीकारक घटकाचा उल्लेख बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांत असतो, पण असतो. तुपावरून घरोघरी वाद होतात. त्यात प्रथिन जवळजवळ नसतं, तरी अजिबात नसल्याची खात्री देता येत नाही. परीक्षेच्या त्या आठवड्यांपुरतं तूपही थांबवावं आणि परत सुरू करताना पहिला मान तुपाला द्यावा, हा व्यवहारी तोडगा.

कोकण-गोव्याकडे हे पथ्य तुलनेने सुसह्य. नारळाचं वाटण, सोलकढी, तांदळाची भाकरी, मासे. दुधावाचून अडत नाही. घाटावर चहाच आड येतो. बाळंतिणीच्या खाण्यातले अळिवाचे लाडू मात्र इथे फार उपयोगी, कारण ते नारळाच्या पाण्यात भिजवून, खोबरं-गुळात वळले की त्यात दूध येतच नाही. तूप तेवढं घालू नये.

आईच्या पोषणाचं गणित सहसा कुणी मांडत नाही. भारतीय शिफारशींनुसार पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० जादा कॅलरी लागतात आणि दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. १०० ग्रॅम नाचणीतून मिळतं जेमतेम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्लेली मांदेली, सगळं धरूनही दुधाची जागा भरणं कठीण. त्यामुळे महिन्याहून जास्त दूध बंद राहणार असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच लागते.

‘रक्त तपासलं की कळेल’

दूध पोटात गेल्यावर लगेच गांधी उठणं, ओठ सुजणं, अशा झटपट अ‍ॅलर्जीत रक्ताची आयजीई तपासणी किंवा त्वचेवरची चाचणी कामाची. शीतल्या रक्तासारखे सावकाश त्रास वेगळ्या यंत्रणेने होतात, तिथे या तपासण्या बहुधा कोऱ्या येतात. आणि शे-दोनशे पदार्थांची रंगीत यादी देणारी आयजीजी तपासणी? त्या प्रतिद्रव्यांवरून इतकंच कळतं की माणसाने तो पदार्थ कधीतरी खाल्ला आहे. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच ती करू नये म्हणून सांगितलं. हजारो रुपये वाचतील.

‘त्यापेक्षा अंगावरचं बंद करून डब्याचं द्या’

अंगावरचं दूध सोडण्याची गरज या त्रासात क्वचितच पडते. साध्या डब्याचं दूध तर गायीच्याच दुधापासून केलेलं. त्यातून बाळाला ते प्रथिन आईच्या दुधापेक्षा कितीतरी पटींनी जास्त मिळतं. उरतात अ‍ॅलर्जीसाठीचे खास महागडे डबे. इंग्लंडमध्ये अशा खास दुधाच्या चिठ्ठ्या २००६ साली वर्षाला सुमारे १ लाख ५ हजार होत्या, २०१६ पर्यंत त्या ६ लाखांवर गेल्या. दहा वर्षांत तिथल्या बाळांची पोटं एवढी बिघडली, यावर कोण विश्वास ठेवेल? निदानाचे निकष सैल झाले आणि ते लिहिणाऱ्या अनेक तज्ज्ञांचे डबेवाल्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, हे नंतर वैद्यकीय नियतकालिकांनीच छापलं. भारतात १९९२च्या कायद्याने बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

‘आत्तापासून टाळलं तर पुढे अ‍ॅलर्जी होणार नाही’

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली असाच सल्ला दिला होता: घराण्यात अ‍ॅलर्जी असेल तर पाजणाऱ्या आईने शेंगदाणे टाळावेत. पुराव्याअभावी तो २००८ साली मागे घेतला. २०१५ साली लंडनच्या ‘लीप’ अभ्यासाने तर पारडंच फिरवलं. जोखमीच्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित देऊ लागल्यावर पाचव्या वर्षी दाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. त्रास नसताना आईने दाण्याचं कूट सोडायचं काहीच कारण नाही.

आता पुन्हा मुद्द्यावर. दूध काढलं आणि दोन-तीन आठवड्यांत रक्त थांबलं, तर आईने आठवडाभर पूर्वीसारखं दूध-दही घेऊन पाहायचं. घरातले नको म्हणतील, ‘कशाला उगाच परत?’ असं विचारतील. तरी घ्यायचं, डॉक्टरांना सांगून. काही झालं नाही तर पथ्य तिथेच संपलं. त्रास परतला तरच निदान पक्कं, आणि मग बाळ नऊ महिने ते वर्षाचं होईपर्यंत, किमान सहा महिने, दूध बंद. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला पायरीपायरीने: आधी दूध घालून भाजलेलं बिस्किट, मग केक किंवा धिरडं, मग दही, शेवटी दूध. भाजताना प्रथिनाचा आकार मोडतो, म्हणून हा क्रम. शीतल्या रक्ताचा त्रास बहुतेक बाळांत वर्षाच्या आसपास संपलेला असतो. ज्या बाळाला मात्र दूध लागताच गांधी उठल्या, सूज आली किंवा श्वास अडकला होता, त्याला ही पहिली चव घरी द्यायची नाही; ती रुग्णालयात, डॉक्टर समोर असतानाच.