गळ्यातलं गाणं बँडवर

1938च्या हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतून मुलांना काढून टाकलं, ते एका गाण्यापायी. प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायचं नाही असा हुकूम होता आणि पोरांनी तो जुमानला नाही. औरंगाबादच्या कॉलेजातही हेच घडलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठानं जवळ केलं. वरंगळहून बाहेर पडलेले पी. व्ही. नरसिंह रावही तिकडंच गेले, पुढं ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. आम्हा हैदराबादी मराठी मंडळींना ही गोष्ट सांगायला फार आवडते. पण ते गाणं बँडवर कसं वाजेल, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नव्हता.

तो पडला दहा वर्षांनी. 25 ऑगस्ट 1948 रोजी नेहरूंनी घटना समितीत राष्ट्रगीतावर निवेदन केलं. 1947 साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी गेलेल्या आपल्या शिष्टमंडळाकडं तिथल्या वाद्यवृंदानं राष्ट्रगीत मागितलं. शिष्टमंडळाजवळ ‘जन गण मन’ची तबकडी होती, वादकांनी ती ऐकून सराव केला आणि ते वाजवलं. ऐकणाऱ्यांना ते इतकं आवडलं की काही देशांनी स्वरलिपी मागून घेतली. नेहरूंचं म्हणणं असं, की राष्ट्रगीताची चाल शब्दांहून महत्त्वाची, आणि ती वाद्यवृंदाला, लष्करी बँडला पेलली पाहिजे. ‘वंदे मातरम्’ त्यांना यासाठी अवघड वाटत होतं. प्रांतांच्या राज्यपालांपैकी एक सोडून सगळ्यांनी ‘जन गण मन’ला पसंती दिली. तो एक मध्य प्रांताचा, म्हणजे राजधानी नागपूरच! या निवेदनानंतर तीन आठवड्यांत हैदराबादेत भारतीय फौजा आल्या.

नेहरूंच्या आक्षेपात तथ्य होतं का? संगीतापुरतं बोलायचं तर होतं. गळ्यासाठी बांधलेलं गाणं गळ्याच्या सवयींवर उभं असतं. मींड, कण, आंदोलन, श्वास घ्यायला मध्येच थांबणं आणि मग मुखडा पकडणं. साथीला पेटी असली तरी ती गायकाच्या मागं सावलीसारखी चालते. बँडमध्ये असं कुणी कुणाच्या मागं चालत नाही. तिथं प्रत्येकाच्या पुढ्यात कागद. क्लॅरिनेटचा कागद तर वेगळ्याच सुरात लिहावा लागतो: नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेल्या स्वराहून एक पूर्ण स्वर खालचा ऐकू येतो, म्हणून आधीच एक स्वर वर लिहायचं. कॉर्नेटच्या झडपांवर स्वर ठरलेले. दोन स्वरांमधून सहज घसरता येतं ते ट्रॉम्बोनला, त्याची नळी सरकते म्हणून. एकट्या ट्रॉम्बोनच्या जिवावर ‘वंदे मातरम्’ची देस रागातली चाल किती तगणार!

हे आव्हान एका मराठी गवयानं अंगावर घेतलं होतं. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर, जन्म आळंदीचा, 1898. गुरू भास्करबुवा बखले. गंधर्व नाटक मंडळीत गाजलेले आणि ‘गोपाळकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ अशा प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार. त्यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटीत बांधलं, मुंबईत पोलीस बँडचे गार्डनर यांच्या मदतीनं ते वाद्यांवर बसवून घेतलं आणि दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांपुढं मांडलं. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांनी काय टाकलं ते. नाट्यपदात एकेका शब्दाला दहा रंग लावणारा हा गवई, पण इथं तान नाही, हरकत नाही. हजार बेसूर गळ्यांनी एकदम म्हणावं आणि सैनिकांनी त्यावर पावलं टाकावीत, एवढंच ठेवलं. झिंझोटीची निवडही चतुर. हा राग मंद्र आणि मध्य सप्तकात रमतो, तार षड्जावर ओरडायला लावत नाही.

स्वरसंगती लावायला मात्र झिंझोटी सोपी नाही. त्यात कोमल निषाद आहे. सा-ग-प एकदम वाजवून त्यावर हा निषाद ठेवला, की पाश्चात्त्य कानाला तो स्वरपुंज अर्धवट वाटतो. तो मध्यमाकडं ओढू लागतो, जणू घर तिथं आहे. म्हणजे षड्जाचं आसनच डळमळतं. मांडणी करणाऱ्यानं तो निषाद चालीत ठेवून खालच्या वाद्यांत सा धरून ठेवावा, नाहीतर त्या जागी स्वरपुंज लावूच नये. ‘जन गण मन’ला हा त्रास जवळजवळ नाही. त्याचे बहुतेक स्वर बिलावलचे. तीव्र मध्यमाचा ओझरता स्पर्श सोडला तर सा, म आणि प यांच्यावरचे तीन स्वरपुंज पुरतात. शिवाय त्याची स्वरलिपी 1919 सालीच मदनपल्लीला झालेली; ती करणाऱ्या मार्गारेट कझिन्स आयर्लंडमध्ये पियानो आणि संगीत शिकून आलेल्या. गाणं आधीपासूनच कागदावर उतरलेलं होतं.

वाद्यवृंदावर ते पहिल्यांदा वाजलं मात्र परक्याच मुलखात. 11 सप्टेंबर 1942 रोजी हॅम्बुर्गला, सुभाषबाबूंच्या उपस्थितीत, तिथल्या रेडिओच्या वाद्यवृंदानं ते वाजवलं. सुभाषबाबूंचे जर्मनीतले निकटचे सहकारी आबिद हसन आमच्या हैदराबादचे. ‘जय हिंद’ ही घोषणा त्यांचीच मानतात. पुढं सिंगापुरात त्याच रवींद्रगीताच्या आधारे आझाद हिंद सरकारचं हिंदुस्तानी गीत रचण्यात त्यांचा हात होता. त्याची बँडवरची चाल कॅप्टन रामसिंह ठाकुरींची. निवृत्तीनंतर आबिद हसन पुन्हा हैदराबादेतच येऊन राहिले.

तेव्हा मास्टर कृष्णरावांचं हरणं हे बँडमुळं झालं असं मी मानत नाही. बँडचा प्रश्न त्यांनी बँडच्याच भाषेत सोडवला होता. पण समोरच्या गाण्यानं कागद, तबकडी आणि परदेशी वाद्यवृंद हे तिन्ही टप्पे आधीच ओलांडले होते. शिवाय मुसलमान सदस्यांची ‘वंदे मातरम्’बद्दलची अडचण होतीच, ती कुठल्याही रागानं सुटणारी नव्हती.

24 जानेवारी 1950 रोजी राजेंद्रप्रसादांनी मतदानाशिवाय निर्णय जाहीर केला: ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, ‘वंदे मातरम्’ला तेवढाच मान. कामकाज संपताना पूर्णिमा बॅनर्जी आणि इतर सदस्यांनी ‘जन गण मन’ म्हटलं, मग लक्ष्मीकांत मैत्र आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘वंदे मातरम्’.